तांदळात लिहिलेलं नाव

सोमवार, ६ जानेवारी २०२५

ही वही शुभानं पाठवली. माझी एकुलती एक लेक, पुण्याला असते. म्हणाली, "बाबा, रिटायर झाल्यापासून तुम्ही दिवसभर आईच्या मागं मागं करता. त्यापेक्षा रोज चार ओळी लिहीत जा." एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, रोज हिशोबाचा कागद लिहिला. कुठं किती चढले, कुठं किती उतरले. आता हिर्डोशीच्या या घरात पॅसिंजर दोनच, मी आणि माझी बायको फुला. कुणी चढत नाही, कुणी उतरत नाही. लिहायचं काय, डोंबल?

तरी लिहितो. थंडी मरणाची आहे. फुलानं नाचणीची भाकरी आणि पावट्याची आमटी केली. आमटी फक्कड झाली होती, तसं म्हणालो. तर म्हणते, "कशी करायची ते बगून ठिवा." म्हटलं, मला काय करायचंय बघून? ती भांडी घेऊन मोरीत गेली.

रविवार, १२ जानेवारी

आज कमाल झाली. मला चुलीपुढं बसवून पीठ मळायला लावलं! बासष्टाव्या वर्षी! पहिली भाकरी काठवटीतच फाटली. दुसरी तव्यावर जाता जाता मोडली, ती म्हशीला गेली. तिसऱ्या वेळी बोटं भाजली तेव्हा म्हणालो, बास झाली ही थट्टा. "थट्टा न्हाई. रोज एक करायची," म्हणाली आणि परत पीठ पुढं सरकवलं.

माझा अंदाज असा की ही शुभाकडं महिना-दोन महिने राहायला जायचं ठरवतेय आणि सांगायला कचरतेय. जा की बाई! मी काय तुला दोरीनं बांधून ठेवलंय?

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. दुपारी ही ब्लाउजांच्या शिवणी उसवत बसली होती. "जाड झालीस वाटतं," म्हणालो. खरं तर वाळलीय. एरवी असल्या बोलण्यावर मला जन्माची आठवण राहील असं उत्तर मिळतं. आज नुसती सुई ओवत राहिली. तिळगूळ खाऊनसुद्धा घरात गोड बोलणं नाही.

मंगळवार, २१ जानेवारी

रेशनला गेलो होतो. दुकानदार सोमनाथ म्हणाला, "काका, काकूंचा अंगठा अजून झालेला नाही. आधारचं नाव आणि कार्डावरचं नाव जुळत नाही. गेल्या वर्षीपण सांगितलं होतं." म्हटलं, बघू. माझ्या अंगठ्यावर धान्य मिळतंय तोवर कशाला घाई?

फुला हल्ली हंडा उजव्या कमरेवर घेते. जन्मभर डाव्या कमरेवर घ्यायची. विचारलं तर म्हणाली वात आहे. तेल चोळून देतो म्हणालो तर अंगावर खेकसली.

मंगळवार, २८ जानेवारी

आज स्नेहल आली होती. आपल्या वरच्या आळीची सून, गावची आशाताई. पोरगी गुणाची. म्हणाली, पाच फेब्रुवारीला भोरला तपासणीची मोठी गाडी येणार आहे, बायकांच्या छातीचा फोटो काढणारी. तो मोठा आजार असेल तर लवकर समजतो. फुकट आहे, पण इथल्या बायका घराबाहेर पडत नाहीत आणि सकाळची एसटी भरलेली असते. "काका, तुम्ही एसटीतले. जागा धरायचं तेवढं बघाल का?"

म्हटलं, बघतो म्हणजे काय! तिथल्या तिथं यादी करायला घेतली. वर काय लिहावं समजेना. त्या आजाराचं नाव काही माझ्या पेनातून उतरेना, म्हणून 'बायकांची गाडी' असं लिहिलं. पहिलं नाव आपल्या घरचं, फुलाबाई सावळाराम पारठे. फुला आतून ओरडली, "माजं खोडा. मला काय धाड भरलीया?" स्नेहलनं आत एकदा पाहिलं आणि मला हळूच म्हणाली, "काका, नावं चारचौघांत मोठ्यानं वाचू नका बरं. बायका बुजतात."

घ्या! एकतीस वर्षं गाडीवर काढलेल्या माणसाला ही शिकवणार.

बुधवार, ५ फेब्रुवारी

मोहीम फत्ते. थांब्यावर उभं राहून यादी खणखणीत वाचली. फुलाचं सोडून पंधरा नावं. तीन बाया नाव ऐकताच पदर तोंडावर घेऊन परत फिरल्या, त्याला मी काय करणार? बाराजणींना बसायला जागा दिली, ड्रायव्हर माझ्या हाताखाली तयार झालेला आहे. भोरला सगळ्यांचे फोटो निघाले. फुटाणे घेऊन दिले.

फुला आली नाही ती नाहीच. तिची खिडकीची जागा भोरपर्यंत रिकामी ठेवली होती, उभ्या माणसांच्या शिव्या खाल्ल्या. परतताना स्नेहल म्हणाली, "काका, सगळ्यांना आणलंत. काकूंना आणायला हवं होतं." म्हटलं, ती रुसलीय माझ्यावर. स्नेहल खिडकीबाहेर बघत बसली. तिलाही वाटलं असेल, म्हाताऱ्यांची भांडणं.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज लिहायचं नव्हतं. तरी लिहितो.

सकाळी माझी भाकरी फुगली. अशी टम्म, की मी लहान पोरासारखा ओरडलो. फुला येऊन बघत राहिली. मग खाली बसली आणि ती अख्खी भाकरी नुसत्या चटणीबरोबर खाल्ली, कण ठेवला नाही. पाणी प्याली. मग म्हणाली, "आता सांगती. अवं, मला हितं गाठ हाय."

माझा पिठाचा हात धरला आणि पदराआड नेला. डाव्या बाजूला. वाटाण्याएवढी आहे म्हणाली. वाटाणा कसला, सुपारी आहे चांगली.

"कधीपासून?"

"दिवाळीपास्नं."

"आणि मला आज सांगतेस?"

"म्या सांगणार व्हते. म्हणलं, आधी तुमची भाकरी फुगू द्या. तुमाला चा सुद्दा करता येत न्हाई. उपाशी मराल तुमी."

मी शिव्या घातल्या. तिला नाही, मला स्वतःला. महिनाभर मी इथं काय काय लिहून ठेवलंय ते मागं जाऊन वाचलं. ब्लाउजं, हंडा, आमटी. सगळं माझ्याच अक्षरात आहे आणि मला एक अक्षर समजलं नाही.

गाडीत का आली नाहीस, असं विचारलं. म्हणाली, "तुमी यादी घिऊन हुभं. सगळ्या आळीम्होरं माजं नाव पुकारणार. आन् तिथं काय निगालं आसतं तर यष्टीतनं परत येताना कुणाकडं बगायचं म्या?"

स्नेहलनं सांगितलं होतं की मला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

भोरच्या सरकारी दवाखान्यात गेलो. आज यादी नाही, आवाज नाही. दोघंच. डॉक्टरीण वयानं शुभाएवढी, श्रावणी नाव. फुलाला आत नेलं, बराच वेळ लावला. पतीचं नाव विचारलं तेव्हा फुलानं माझ्याकडं बोट केलं, "हे सांगतील." एक्केचाळीस वर्षांत तिनं माझं नाव घेतलेलं नाही, उखाण्यातसुद्धा 'आमचं मालक' म्हणून वेळ मारून नेते.

डॉक्टरीण म्हणाली, घाबरू नका, पण वेळही घालवू नका. ती फोटोची गाडी वीस तारखेला नसरापूरला आहे, तिथं चिठ्ठी देते. आधार घेऊन जा.

येताना फुलाला भेळ घेऊन दिली. तिनं मिरची बाजूला काढून मला दिली, नेहमीसारखी.

गुरुवार, २० फेब्रुवारी

पहाटेची एसटी, भोरहून शेअर रिक्षा, साडेनऊला नसरापूर. गाडीपुढं मांडव, शंभर तरी बाया. चिठ्ठी आणि आधार दिलं आणि बसलो.

अकराच्या सुमाराला आतली बाई पुकारायला लागली, "भिमा सुर्वे! भिमा सुर्वे!" कुणी उठेना. तिसऱ्यांदा पुकारलं. माझ्यातला कंडक्टर जागा झाला, म्हणालो, "अहो कोण आहेत त्या भिमाबाई? उठा की! तुमच्यापायी बाकीच्यांचा खोळंबा."

शेजारून फुला म्हणाली, "उठतीच हाय. पायाला मुंग्या आल्यात." आणि उठून गेली.

मी आ वासून बसलो. भिमा! हो की. भोंगवलीच्या गेनू सुर्व्यांची भिमा. चौऱ्याऐंशी साली लग्न झालं तेव्हा आमच्या रिवाजाप्रमाणं नाव बदललं. ताटात तांदूळ पसरले, वर सोन्याची अंगठी दिली आणि मी बोटात धरून लिहिलं, 'फुला'. नाव मीच निवडलं होतं. बघायला गेलो तेव्हा तिनं मान वर केलीच नव्हती, वेणीतलं फूल तेवढं दिसलं होतं. त्यावरून.

मग आधारची टूम निघाली तेव्हा ही माहेरी, सासऱ्यांच्या आजारपणात. तिथल्या शाळेत शिबिर होतं. हिच्याजवळ चौथीचा दाखला तेवढा, त्यावरचं नाव आधारवर चढलं. घरी आल्यावर म्हणाली होती, "आवं, ह्याच्यावर भिमा हाय, चालंल का?" मी म्हणालो होतो, "चालतंय गं, कोण बघतंय."

फोटो निघाला. आतली बाई म्हणाली, पुण्याला जा, सुईची तपासणी करावी लागेल. तिनं 'लगेच' हा शब्द दोनदा वापरला.

सोमवार, २४ फेब्रुवारी

शुभाला सांगितलं. फोनवर आधी रडली, मग तिच्या ऑफिसच्या विम्याची चौकशी करते म्हणाली. संध्याकाळी पुन्हा फोन. ऑफिसचा नियम असा की विम्यात आईवडील घ्या नाहीतर सासूसासरे. जोडी एकच. पाच वर्षांपूर्वी तिनं सासूसासरे लिहिले, आता मध्येच बदलता येत नाही.

"बाबा, मी आईला विचारलं होतं तेव्हा," शुभा हुंदके देत सांगत होती, "आईच म्हणाली, सासूसासऱ्यांचं लाव, पोरी. तुला त्या घरात नांदायचंय."

फुला ऐकत होती. फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "बरूबर केलंस तू. रडू नगंस. जेवलीस का?"

सोमवार, ३ मार्च

सुईच्या तपासणीचा रिपोर्ट आला. कॅन्सर आहे. शब्द लिहिला एकदाचा. छातीपुरता आहे, पसरलेला दिसत नाही, ऑपरेशन करा आणि मग औषधं द्या, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. मोठं इस्पितळ आहे, नाव कशाला लिहा. वाट चुकावी इतकं मोठं.

खाली सरकारी योजनेच्या टेबलावर शेफाली नावाची मुलगी बसते. बोलायला गोड. ऑपरेशन, औषधं, सगळं योजनेत बसतं म्हणाली. मी विचारलं, मग आतापर्यंतच्या तपासण्या आम्ही खिशातून का केल्या?

"आजोबा, योजना आजारासाठी आहे. आजार आहे की नाही ते बघण्यासाठी नाही."

"म्हणजे गाव आल्यावर तिकीट देणार?"

हसली बिचारी. तिनं काय नियम केलाय थोडाच! मग तिनं आधार आणि रेशनकार्ड शेजारी शेजारी ठेवलं आणि हसू गेलं. रेशनकार्डावर फुलाबाई सावळाराम पारठे. आधारवर भिमा गेनू सुर्वे. "आजोबा, या दोघी कोण?"

"दोघी कुठल्या? ही एकच आहे. ही काय, समोर उभी आहे."

"मला दिसतंय हो. पण कॉम्प्युटरला दोघी दिसतात. कार्ड निघणार नाही. आणि कार्डाशिवाय ऑपरेशनची मंजुरी येत नाही. नाव एक करून आणा, मी त्याच दिवशी अर्ज टाकते."

सोमनाथनं दोनदा सांगितलं होतं. दोनदा! मी म्हणालो होतो बघू. आता गाठ माझ्या 'बघू'ची वाट बघणार आहे का? परतीच्या गाडीत फुला माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. चारचौघांत असं कधी केलं नव्हतं तिनं. मी भोरपर्यंत हाललो नाही.

गुरुवार, ६ मार्च

भोरला तहसीलात. पुरवठ्याच्या टेबलावर उपेंद्र नावाचे साहेब आहेत, तरुण आणि सरळ. म्हणाले, दोन रस्ते आहेत. आधारवर फुला करायचं तर लग्नाची नोंद दाखवा, नाहीतर राजपत्रात नाव छापून आणा. वेळ लागेल, किती ते सांगता येत नाही. दुसरा रस्ता, रेशनकार्डावर भिमा गेनू सुर्वे करायचं. ते लवकर होईल. पण भिमा म्हणजेच फुला याचा पुरावा लागेल.

लग्नपत्रिका काढली. चि. सौ. कां. भिमा. म्हणजे पत्रिकेत भिमा, कार्डात फुला. मधला कागदच नाही.

"लग्नात नाव बदललं ते कशावर लिहिलं होतं?"

"तांदळात, साहेब."

मागं रांगेतले लोक हसले. एकजण म्हणाला, आणा की मग ते तांदूळ! म्हटलं, त्याचा भात करून वऱ्हाडानं खाल्ला. मलाही हसू आलं आणि हसता हसता डोळ्यांत पाणी कधी आलं ते समजलं नाही. उपेंद्र साहेब हसले नाहीत. खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. "माझ्या आईची तीच गत आहे," म्हणाले. "प्रतिज्ञापत्र करा. एक साक्षीदार माहेरचा आणा, एक सासरचा. मी अडवणार नाही."

घरी येऊन फुलाला दोन्ही रस्ते सांगितले. घाई असल्यानं दुसराच घ्यायचा हे ठरलेलंच होतं. तरी सहज विचारलं, तुला स्वतःला कुठलं नाव आवडतं?

म्हणाली, "आजवर इचारलं न्हाई कुणी."

"आता विचारतोय की."

"भिमा. आयनं ठेवल्यालं हाय. आय गेल्यापास्नं कुणी त्या नावानं हाक मारली न्हाई मला."

बरं, म्हणालो. पण इथं खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो, मला लागलं. आतून लागलं. बायको आजारी आहे आणि हा गडी नावावर रुसून बसलाय, लाज वाटायला पाहिजे. वाटतेच आहे. पण 'फुला' ही माझ्या हातची एकच गोष्ट होती तिच्याजवळ. बाकी एकतीस वर्षं मी गाडीवर. शुभा झाली तेव्हासुद्धा मी मुक्कामी गाडीवर होतो. आता कार्डावरून फुला जाणार, मधला सावळाराम जाणार, पारठे जाणार. माझ्याच घरच्या कार्डात माझी बायको पाहुणी म्हणून राहणार. राहू दे. जगू दे म्हणजे झालं.

गुरुवार, १३ मार्च

होळी. प्रतिज्ञापत्र झालं. भोंगवलीहून मेहुणा बंडू आला, इथून सोमनाथ. बंडूनं साहेबांपुढं "ही माझी भिमाक्का" म्हणून बोट केलं आणि मोठा मिशीवाला माणूस ढसाढसा रडला. फुलाचा अंगठा मशीनवर तीन वेळा उठेना. भांडी घासून रेषा गेल्यात. चौथ्यांदा उठला.

घरी पुरणपोळी तिनं केली, पुरण मी वाटलं. आता रोज तिला भिमा म्हणायची सवय करतोय. पहिल्यांदा हाक मारली तेव्हा आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही कुणाला मारली ते.

मंगळवार, १८ मार्च

कार्ड नाही. उपेंद्र साहेबांनी वर पाठवलंय, वरून मंजुरी यायचीय. आज ती आंघोळ करून आली आणि म्हणाली, गाठ वाढल्यागत वाटतीया. मला हात लावायचा धीर झाला नाही.

शुक्रवार, २१ मार्च

कार्ड आलं! सोमनाथ कागद नाचवत घरापर्यंत पळत आला. शेफालीला फोन लावला, दुपारी चारपर्यंत तिनं योजनेचं कार्डही काढलं आणि अर्ज टाकला. त्या मुलीला तोंड भरून आशीर्वाद दिले. स्नेहलला सांगायला गेलो तर ती म्हणाली, काका, तीन बाया पाच तारखेला परत फिरल्या होत्या ना, त्यांची वेगळी तारीख घेतलीय, तुम्ही याल? म्हटलं, जागा धरीन आणि तोंड बंद ठेवीन. हसली.

संध्याकाळी घरी ही सुपात तांदूळ घेऊन खडे निवडायला बसली होती. मी जवळ बसलो. काय वाटलं कुणास ठाऊक, हातानं तांदूळ सारखे केले आणि बोटानं लिहिलं, 'भिमा'. अंगठी नव्हती, ती शुभाच्या लग्नात मोडली.

ती बघत राहिली. चौथी झालीय, तेवढं वाचता येतं.

"बरं लिवलंय," म्हणाली. आणि मग, "सरका आता. खडं निवडायच्यात."

तिनं मात्र त्या नावाला हात न लावता कडेकडेचे खडे आधी काढले. मी पाहिलं ते.

बुधवार, २ एप्रिल

इस्पितळाच्या जिन्यात बसून लिहितोय. काल रात्री शुभाकडं मुक्काम केला. पहाटे उठून मी दोन भाकऱ्या केल्या, गॅसवर, नाचणीच्या. तिला काही खायचं नव्हतं, ऑपरेशन. तरी डब्यात घातल्या. उठल्यावर खाईल.

साडेसातला नेलं. हातात कागदाची पट्टी, 'भिमा गेनू सुर्वे'. जाताना म्हणाली, "म्हशीचं इचारा सोमनाथला." एवढंच. मी म्हणालो, भिमा, घाबरू नको. तिनं मान हलवली. दार लागलं.

साडेसात ते बारा. एवढ्या वेळात महाडला जाऊन परत येतो माणूस. शुभा शेजारी बसून माझा हात धरून होती. तिला सांगितलं, तुझ्या आईला भिमाच आवडतं गं, मी ठेवलेलं नाव कधी आवडलंच नव्हतं. शुभा म्हणाली, बाबा, आत्ता हे काय काढलंत? खरंच की. आत्ता हे काय काढलं होतं मी?

बाराच्या पुढं डॉक्टर आले. गाठ पूर्ण निघाली म्हणाले. काखेतल्या गाठी तपासायला पाठवल्यात, पण हाताला बऱ्या लागल्या. पुढं औषधं घ्यावी लागतील, केस जातील, चार-सहा महिने कठीण आहेत. पण वेळेत आणलंत. 'वेळेत' म्हणाले.

पाऊण तासानं दार उघडलं. नर्स बाहेर आली, "भिमा सुर्व्यांचे नातेवाईक?"

तिचं 'नातेवाईक' पुरं व्हायच्या आत मी उभा होतो. नसरापूरसारखं नाही. "मी. मी मालक."

नर्सचा चेहरा गोंधळलेला. हातात कागद. "आजोबा, पेशंट शुद्धीवर येतायत. आम्ही पट्टीशी ताळा करायला नाव विचारतो. पट्टीवर भिमा सुर्वे आहे. पण आजी भलतंच नाव सांगतायत. तीन वेळा विचारलं. काही गडबड तर नाही ना झालेली?"

"काय सांगते?"

तिनं कागदावर उतरून घेतलं होतं. वाचून दाखवलं.

"फुलाबाई सावळाराम पारठे."

शुभानं तोंडावर हात ठेवला. आई बाबांचं नाव घेते, हे तिनंही जन्मात ऐकलं नव्हतं.

"गडबड काही नाही, बाई," मी म्हणालो. "दोन्ही तिचीच आहेत. कागद आहेत माझ्याकडं." आणि पिशवीत कागद शोधायला लागलो, पण मला दिसेनाच काही. डब्याचं झाकण तेवढं हाताला लागत होतं.

नर्स म्हणाली, "राहू द्या, राहू द्या. आणि हे सावळाराम कोण? सारखं त्यांना बोलवा म्हणतायत."